जैबुन आत, मी बाहेर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे उरलेली वायर गुंडाळली. आर्णीच्या आमच्या घरासमोर, दुपारच्या उन्हात. जैबुन, म्हणजे माझी बायको, खुर्चीच्या पाठीवर वेढे घेत होती अन् मी समोर उभा राहून वायर सोडत होतो.

ती म्हणाली, "उलटं देऊन राह्यले तुम्ही. पीळ पडते न त्याले."

मी म्हटलं, "तुले जास्त समजते त तूच दे."

"सरका मंग."

मी सरकलो. तिनं पीळ काढला, भेंडोळं नीट केलं, सुतळीनं बांधलं अन् चहा ठेवायला आत गेली. तिथंच पडली.

बस, एवढंच. भांडण नव्हतं अन् प्रेमाचं बोलणंही नव्हतं. मरायच्या आधी माणूस काही शहाणपणाचं बोलून जातो असं लोक सांगतात. खोटं सांगतात. "सरका मंग" म्हणून गेली ती.

या अंकाच्या संपादकांनी मला निरोप धाडला, चाचा, तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा. गमती! मी चौथी शिकलेला माणूस. लिहायचं म्हटलं की बोटं दुखतात. नाहीच म्हणणार होतो. पण मातीला आलेला एक शहाणा माझ्या कानाशी म्हणाला होता, "चाची तुम्हाले किती हातभार लावत होत्या." तो शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. हातभार म्हणजे काय? शेजारीण पापड लाटायला येते तो हातभार. माझा अर्धा धंदा तिच्या हातात होता. अन् जो अर्धा तिच्या हातात होता, तो मला येतच नव्हता. म्हणून लिहितो. ओळखीच्या मास्तरांनी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिलं आहे. रागाचे शब्द काढायला मी त्यांना मनाई केली.

आधी धंदा सांगतो. एका घरात तीन-चार कम्प्युटर असतात. एक पुढच्या दुकानात बिलं करायला, एक पोरांच्या अभ्यासाला, एक कोणाचं घरबसल्या काम असेल तर त्याला. नेट मात्र एकच येतं, रस्त्याच्या बाजूनं. ते सगळ्यांना वाटून द्यायचं. त्यासाठी एक डबी लागते, तिला पाच-आठ भोकं असतात. आधी तिला हब म्हणायचे, आता स्विच म्हणतात. आर्णीत स्विच म्हटलं की लोक भिंतीवर बटन शोधतात, म्हणून आम्ही डबीच म्हणतो. डबीतून एकेक वायर एकेका कम्प्युटरला जाते. वायरीच्या आत आठ बारीक तारा असतात, दोन-दोन एकमेकींना पिळलेल्या. त्या रंगानं ओळीत लावायच्या, टोकाला पारदर्शक जॅक बसवायचा, पकडीनं दाबायचा. एक तार इकडची तिकडं झाली तर लाइन मेली. याच्यात मोठी अक्कल लागत नाही. डोळे लागतात, बोटं लागतात अन् दोन माणसं लागतात.

दोन माणसं अशासाठी, की वायर पाइपातून ओढावी लागते. एकानं इकडून ढकलायची, दुसऱ्यानं तिकडून ओढायची. मधात भिंत. अन् भिंतीच्या पलीकडं काय असतं? घरातली आतली खोली. स्वयंपाकघर, सुनेची खोली, वयात आलेल्या पोरींची खोली. आमच्या भागात परका माणूस ओसरीपर्यंत. हिंदूचं घर असो की आमच्या मोहल्ल्यातलं, नियम एकच. पहिल्या पहिल्यानं मी हाताखाली माणूस घेऊन जायचो. घरधनी विचारायचा, "हा आत जाईन का?" मग सगळ्या बायका एका खोलीत कोंडायच्या, त्या कोंडल्या म्हणून चुलीवरचं करपायचं, अन् करपलं म्हणून शिव्या मला.

एक दिवस जैबुन म्हणाली, "मी येतो तुमच्यासंग. मले कोण अडवते?"

कोणीच अडवलं नाही. मी ओसरीवर, ती आत. मी ओरडायचो, "ओढ!" ती आतून ओरडायची, "थांबा! अटकली." मी, "अवं ओढ न!" ती, "तुम्हीच आत ढकला न, झोपले काय?" नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं यांचं भांडण लागलं. एकानं तर मला बाजूला घेऊन समजावलं, "भाऊ, घरचं घरी ठेवावं." ते आमचं घरचंच होतं. पस्तीस-चाळीस वर्षांच्या संसारात आमचं जेवढं बोलणं झालं, त्यातलं अर्धं भिंतीआडून झालं असेल.

रंगांची ओळ मला कागद पाहून लावावी लागे. तिला नाही. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-कथ्थई, कथ्थई. ती हे बांगड्या भरल्यासारखं करायची, तोंडानं घरातल्या बायकांशी गप्पा सुरू ठेवून. तेव्हा आमचे नातेवाईक म्हणायचे, बायकोला मजुरीला लावलं. तेच आता म्हणतात, किती मेहनती होती बिचारी. तेव्हाही तोंड बंद ठेवलं असतं तर चाललं असतं, आताही चाललं असतं.

गमती पाहिजे ना, घ्या.

दोन भाऊ होते, वाटणी झालेले. घराच्या मधात भिंत घातली होती, छपराच्या आधीच थांबलेली. बोलणं बंद. पण नेट एकच ठेवायचं ठरलं, कारण दोन घेणं दोघांच्याही जिवावर आलं होतं. आता डबी कोणाच्या घरात ठेवायची? मोठा म्हणे, माझ्या. धाकटा म्हणे, मग हा रात्री बंद करून ठेवीन. मी दोघांना शिव्या द्यायच्या बेतात होतो. जैबुन दोन्हीकडं चहा पिऊन आली अन् म्हणाली, "भिंतीवरच ठेवा. माथ्यावर. कोणाचीच नाही." ठेवली. लाइन गेली की दोघंही आपापल्या बाजूनं स्टुलावर चढायचे अन् वर एकमेकांचं तोंड पाहून उतरायचे. चैत्रात पत्र्याखाली डबी तापून मेली. तर दोघं माझ्या घरी आले भांडायला, एकाच गाडीवर बसून.

दुसरा मारेगावकडचा कापसाचा व्यापारी. माणूस सज्जन. त्यानं लक्ष्मीपूजनाला घरातल्या सगळ्या कम्प्युटरची पूजा केली, अन् डबी हीच सगळ्यांची माय म्हणून तिची सगळ्यात जास्त केली. हळद, कुंकू, वरून फुलानं पाणी. पाडव्याच्या दिवशी फोन, "भाऊ, सगळंच बंद." तिथं जाऊन पाहिलं तर प्रत्येक भोकात कुंकवाचा चिखल. मी भडकलो. म्हटलं, "देवाले पाणी चालते, इले नाही चालत." जैबुननं जुना दातांचा ब्रश मागवला अन् दुपारभर एकेक भोक साफ करत बसली. परत येताना गाडीवर मागून म्हणाली, "त्यायनं मानली म्हणून पुजली. तुम्ही कधी अत्तर तरी लावलं का तिले? पोट तर आपलं भरते."

आजकालची पोरं येऊन सांगतात, "चाचा, वायरचा जमाना गेला, आता सगळं हवेतून." हवेतून येते न. तुमच्या पुण्याच्या दोन खोल्यांत येत असेल. इथं आगगाडीसारखी लांब घरं. पुढं दुकान, मधात घर, मागं गोडाऊन, वर स्लॅब, अन् प्रत्येक खोलीत लोखंडी कपाट. हवेतलं नेट पहिल्या भिंतीला थकते, दुसरीला बसते. मग मला फोन येतो. आता येतो तेव्हा विचारतात, "आतल्या कामाले कोण आहे तुमच्याकडं?" कोणी नाही. सांगून टाकतो अन् फोन ठेवतो.

आता ती वायर ज्या कामातून उरली, ते काम.

आर्णीतच भाऊरावजींचं खता-बियाण्याचं दुकान आहे. घर दुकानाच्या मागं. दुकानात एक कम्प्युटर, मधल्या खोलीत नातवांचा एक, अन् आता तिसरा पाहिजे होता वरच्या खोलीत, सुनेसाठी. सून वैशाली. शिकलेली पोरगी. तिनं घरबसल्या एक काम मिळवलं होतं. डॉक्टर लोक बोलून ठेवतात ते कानात ऐकायचं अन् टाइप करायचं. सासरा म्हणाला होता, कर, पण घरात राहून कर. कामाला यवतमाळले जायचं नाव काढू नको. अन् कंपनी म्हणाली होती, पहिल्या दिवशी सकाळी दहापासून परीक्षा. दोन तास लाइन तुटली नाही पाहिजे. तुटली तर नमस्कार.

पोरीनं हे सासऱ्याला सांगितलं नव्हतं, सासूलाही नाही. जैबुनला सांगितलं, वरच्या खोलीत, वायर ओढता ओढता. अन् जैबुननं मला, गाडीवर. "उद्याच परीक्षा. तिची नोकरी आपल्या जॅकवर हाय," म्हणाली. त्या दिवशी वायर वरपर्यंत गेली, डबी स्वयंपाकघरातल्या बोर्डापाशी बसली, पण वरच्या टोकाला जॅक लावायचा राहिला, कारण आमच्या पिशवीतले जॅक संपले होते. जैबुननं पोरीला शब्द दिला, "सकाळी येतो. तुझी लाइन चालू करूनच चहा पिईन."

घरी आलो, जेवलो, वायर गुंडाळली. पुढचं सांगितलं वर.

इथल्या दवाखान्यात म्हणाले, यवतमाळले न्या. यवतमाळच्या तोंडाशी, लोहाऱ्याच्या अलीकडं गाडीतच गेली. कोणाला दोष देऊ? देण्यासारखा कोणी सापडला असता तर बरं झालं असतं. राग ठेवायला जागा तरी मिळाली असती. मारेगावला दिलेली आमची मुलगी पोचली अन् संध्याकाळी मिट्टी दिली. भाऊरावजीही आले होते. मूठभर माती त्यांनीही टाकली.

सकाळी नमाज झाली. घर माणसांनी भरलेलं. मी पिशवी घेतली. त्यात पकड, वायर तपासायचा टेस्टर, नवीन जॅक. माझा साळा करीम दारात आडवा झाला.

"भाईजान, कुठं?"

"कामावर."

"दिमाग ठिकाणावर आहे का? लोक भेटायले येऊन राह्यले. तीन दिवस तरी बसा. लोक काय म्हणतीन?"

"लोक काल बी म्हणून राह्यले होते, सबर करा, सबर करा. करू दे त्यायले आता थोडी."

मुलगी रडत म्हणाली, "अब्बा, नका जाऊ." मी गाडीला किक मारली. मागची सीट हलकी झाल्यावर गाडी वळणावर कशी वेगळीच पळते, ते त्या दिवशी समजलं. त्याचाही रागच आला.

भाऊरावजी दुकानाचं शटर उघडत होते. मला पाहून त्यांच्या हातातली किल्ली खाली पडली. "हमीदभाऊ? तुम्ही? आज?"

"जॅक राह्यला."

"अहो, राहू द्या न बाप्पा. काय घाई आहे?"

घाई काय आहे ते मी सांगू शकत नव्हतो. पोरीनं विश्वासानं सांगितलेलं. म्हटलं, "काम अर्धं ठेवत नाही मी." अन् आत गेलो. ओसरी, मधली खोली, स्वयंपाकघराचा उंबरा. तिथून वर जिना. भाऊरावजी मागून आले अन् जिन्याच्या तोंडात उभे राहिले.

"भाऊ, वरतं नोका जाऊ. वर बाईमाणूस आहे. तुमाले माहीतच आहे."

मला माहीत होतं. याच नियमावर आम्ही पोट भरलं. पण त्या सकाळी तो नियम माझ्या नरड्याशी आला. "काल तुम्ही माझ्या बायकोले माती देली," मी ओरडलो, "अन् आज मी परका?"

चेहरा पडला माणसाचा. पण जिन्याच्या तोंडातून हलले नाहीत. त्यांची बायको, सुमनबाई, स्वयंपाकघरात हातात चिमटा धरून उभी. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून गेले होते.

तेवढ्यात वरून आवाज आला, "काका, मी बसवते जॅक. तुम्ही खालून सांगा."

वैशाली वरच्या पायरीवर बसली होती. रात्रभर रडलेली दिसत होती.

मी पकड अन् जॅक नातवाच्या हाती वर पाठवले अन् सांगायला लागलो. तेव्हा मला कळलं की मला सांगता येत नाही. मी आयुष्यभर ओरडलो "ओढ" अन् "सोड". बाकी सगळं ती आपल्या मनानं करायची. वरचं साल किती सोलायचं, तारा कशा सरळ करायच्या, नखानं कशा दाबायच्या, हे मी कधी कोणाला सांगितलंच नव्हतं. खिशातून रंगांचा कागद काढला अन् वाचू लागलो. "पांढरा-केशरी! मग केशरी! मग पांढरा-हिरवा! झालं का?"

"झालं."

"निळा!"

"हिरवा नाही का काका? हिरव्याची जोडी हिरव्यासोबत..."

"निळा म्हटलं न! निळा!"

पहिला जॅक वाया गेला. तार आतपर्यंत पोचलीच नव्हती. दुसऱ्यात दोन रंग उलटे. मी खालून असा ओरडलो की दुकानातलं गिऱ्हाईक आत डोकावलं. भाऊरावजी कळवळून म्हणाले, "भाऊ, हळू." अन् वरून ती पोरगी सासऱ्यासमोर माझ्यावर ओरडली, "काका, ओरडू नका! चाची तुमच्यावर ओरडायच्या तेव्हा तुम्ही अजूनच चुकायचे की नाही?"

भाऊरावजींच्या घरात सून एवढ्या मोठ्यानं बोलल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. बहुतेक त्यांनीही.

"चुकायचो," मी म्हटलं. "काप परत. सावकाश."

तिसऱ्या जॅकला टेस्टरचे आठही दिवे एकामागं एक पेटले. डबीवर तिसरा हिरवा दिवा लपलप करायला लागला. वरून तिनं सांगितलं, "सुरू झालं!" अन् दार ओढून घेतलं. दहाला थोडा वेळ बाकी होता. माझं काम संपलं होतं. पिशवी भरली असती अन् निघालो असतो.

पण बाहेरच्या माणसाला एक सांगतो. या धंद्याचा मोठा दुश्मन उंदीर नाही, वीज जाणं नाही. मिक्सर आहे. घरात बोर्ड एक, भोकं दोन. एकात फ्रिज, दुसऱ्यात डबी. बाईला वाटण करायचं असलं की ती डबीचा प्लग काढते, मिक्सर फिरवते, अन् आठवण राहिली तर प्लग परत लावते. सुमनबाईनं भिजवलेली डाळ घेतली, मिक्सर उचलला अन् बोर्डाकडं आली. हात प्लगकडं गेला.

मी मधात हात घातला. "आज मिक्सर नाही."

"दोन मिंटाचं काम आहे हो भाऊ."

"दोन मिंट बी नाही. बारा वाजेपर्यंत नाही."

"मंग आमी खाव काय?"

"उपाशी राहा!"

बोललो अन् समजलं की आपण दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या चुलीसमोर उभं राहून बोललो. भाऊरावजी दारातून पुढं आले. त्यांचंही डोकं आता तापलं होतं. "हमीदभाऊ, तुमचं दुःख मोठं आहे, मान्य. पण काही..."

सुमनबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. मग जिन्याच्या वर, त्या बंद दाराकडं. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. पण बाई घरातली होती. सकाळपासून सुनेनं घास खाल्ला नाही अन् घड्याळ सोडलं नाही, हे तिनं पाहिलं असेल. ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही दुकानात जा. गिऱ्हाईक उभं आहे."

ते गेले. बाईनं मिक्सर परत फळीवर ठेवला. कोपऱ्यातला पाटा ओढला, पदर खोचला अन् डाळ पाट्यावर वाटायला बसली. बऱ्याच दिवसांत हात लावलेला नसावा, वरवंटा अडखळत होता. सबर करा म्हणाली नाही. मी बोर्डाखाली भिंतीला टेकून बसलो.

फोन वाजत होता. करीमचा, मुलीचा, अजून कोणाकोणाचा. बंद करून ठेवला.

काही वेळानं तिनं माझ्यासमोर ताटली सरकवली. ज्वारीची भाकर, वर ते वाटण, बाजूला कांदा. "काल दुपारपासून पोटात काही नसन तुमच्या," म्हणाली.

नव्हतं. मी भाकर मोडली. उजव्या हातानं खाल्ली, अन् डावा हात प्लगवर ठेवला.